उंदराचा जबाब

मथुरेच्या विशेष न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये पोलिसांना एक साधा प्रश्न विचारला: जप्त केलेला गांजा कुठे आहे? शेरगढ ठाण्याच्या मुद्देमालात 386 किलो होता, हायवे ठाण्याच्या मुद्देमालात 195. बेरीज 581 किलो, किंमत साठ लाखांच्या घरात. पोलिसांनी उत्तर दिलं, उंदरांनी खाल्ला. हे उत्तर घसा खाकरत, नजर चुकवत, तोंडातल्या तोंडात दिलेलं नव्हतं. रीतसर लेखी अहवाल होता, आणि त्यात उंदराच्या स्वभावाविषयी एक निरीक्षणही होतं: हा प्राणी आकाराने लहान असून त्याला पोलिसांची भीती वाटत नाही.

मराठी घरात वाढलेल्या कोणालाही या निरीक्षणाचं नवल वाटायचं कारण नाही. लहानपणी ज्याची गोष्ट ऐकत आपण मऊ भात गिळला, तो उंदीर सापडलेल्या फडक्याची टोपी शिवून घेऊन, गळ्यात ढोलकं अडकवून थेट राजवाड्यावर गेला होता आणि भर दरबारात राजाची अब्रू काढून परत आला होता. राजाला न भ्यालेल्याच्या वंशजांनी ठाणेदाराला काय म्हणून भ्यावं?

न्यायाधीशांनी मात्र उंदरांनीच गांजा खाल्ला याचा पुरावा मागितला. एवढ्यावर प्रकरण थोडं गडबडलं. पुढे तिथल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्रकारांना सांगून टाकलं की गांजा उंदरांनी नव्हे, पावसापाण्याने नासला. उंदीर सुटला आणि त्याच्या जागी पाऊस उभा राहिला. पावसाला समन्स बजावणं तर उंदराहून अवघड.

वर्तमानपत्रातल्या उंदरांच्या बातम्या मी फार दिवसांपासून जमवतो. छंद विचित्र आहे हे कबूल, पण पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला जग इतकं कळत नसावं. बिहारचंच बघा. तिथे एप्रिल 2016 पासून दारूबंदी. वर्षभराने, मे 2017 मध्ये, ठाण्याठाण्यांत जप्त करून ठेवलेल्या दारूचा हिशेब निघाला, तेव्हा तुटीतला मोठा वाटा उंदरांच्या नावावर लिहिला गेला. मथळ्यांत 9 लाख लिटरचा आकडा झळकला. त्याच वर्षी पूर आला. नदीचे बांध का फुटले? उंदरांनी पोखरले म्हणून, असं खुद्द जलसंपदामंत्री म्हणाले. आता उंदीर-घुशी मातीचा बांध पोखरतात हे कोणताही शेतकरी सांगेल, त्यात थट्टेचं काही नाही. पण बांध पोखरला जातोय हे पाहायला बांधावर जो माणूस फिरायला हवा होता, तो कुठल्या बिळात होता, हे मंत्र्यांनी सांगितलं नाही. शेवटी मार्च 2020 मध्ये विरोधी आमदार जिवंत उंदीर पिंजऱ्यात घालून विधानमंडळात घेऊन आले. तमाशा होता, मान्य. तरी ज्याच्या नावावर इतके गुन्हे नोंदले गेले त्याचं तोंड सभागृहाने एकदा पाहून घ्यावं, यात गैर काय?

मथुरेत उंदीर आरोपी ठरत होता, त्याच महिन्यात त्याच उत्तर प्रदेशात, बदायूंला, दुसऱ्या एका उंदराच्या बाजूने फिर्याद दाखल होत होती. एका माणसाने उंदराला वीट बांधून नाल्यात बुडवलं. एका प्राणिमित्राने तक्रार केली. मेलेला उंदीर शवविच्छेदनासाठी बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत पाठवण्यात आला. अहवाल आला: मृत्यू बुडून नव्हे, गुदमरून, फुप्फुसं आणि यकृत आधीपासूनच खराब. एप्रिल 2023 मध्ये 30 पानांचं आरोपपत्र दाखल झालं. क्रौर्य ते क्रौर्यच, त्या तक्रारदाराला मी हसणार नाही. पण 581 किलो गांजा फस्त करणाऱ्या त्या अफाट झुंडीतल्या एकाही उंदराचं पोट कोणी उघडून पाहिलं नाही, आणि इथे एकट्या जिवाच्या यकृताची नोंद सरकारदरबारी झाली.

आमच्या शेजारी एक काका राहतात. हयातभर सरकारी धान्यगोदामात नोकरी केलेले. अशी बातमी हाती लागली की मी ती त्यांना वाचून दाखवतो, कारण त्यांच्याइतका या विषयातला अधिकारी माणूस आमच्या इमारतीत नाही. मी हसत असतो, ते हसत नाहीत.

"तुटीची कारणं ठरलेली असतात रे," ते एकदा म्हणाले. "ओल, कीड, उंदीर, वाहतूक. तीन कारणांना वास येतो. चौथ्याला सही लागते."

मग त्यांनी उंदराच्या चोरीचा पंचनामा कसा असतो ते सांगितलं. उंदीर पोतं नेत नाही. तो पोत्याला खालच्या कोपऱ्याशी भोक पाडतो, खातो थोडं आणि सांडतो त्याच्या कितीतरी पट. भिंतीच्या कडेने काळपट तेलकट पट्टा उमटतो, कारण तो रोज त्याच वाटेने अंग घासत जातो. लेंड्या पडतात. मुताचा वास असा भरतो की आठ दिवस नाकातून जात नाही. सुतळी कुरतडलेली असते, पोत्याच्या कडा दातेरी असतात. "माल गेला आणि सांडलेलं काहीच नाही, वास नाही, पोतंपण नाही, तर तो उंदीर दोन पायांचा समजायचा," काका म्हणाले. वर पुष्टी जोडली, "आणि त्याला पेन्शन असते."

एवढं साधं शहाणपण अर्जेंटिनातल्या लोकांना वापरता आलं. ब्युनोस आयर्सजवळच्या पिलार गावात 2018 मध्ये पोलिसांच्या गोदामातून अर्धा टनाहून जास्त गांजा गायब झाला, आणि तिथल्या पोलिसांनीही उंदरांकडेच बोट दाखवलं. या बाबतीत सगळं जग एकाच शाळेत शिकलेलं दिसतं. तिथे तज्ज्ञांना विचारलं गेलं. ते म्हणाले, उंदीर गांजाला अन्न समजून खाणार नाहीत, आणि खाल्लाच असता तर गोदामात मेलेल्या उंदरांचा सडा पडला असता. सडा नव्हता. आठ पोलिसांना नोकरी गमवावी लागली. हे वाचून काकांनी पहिल्यांदाच मान डोलावली. त्यांना आवडलं ते पोलिसांना काढलं हे नव्हे. मेलेले उंदीर मोजायला कोणीतरी गेलं, हे.

उंदीर प्रत्येक वेळी निर्दोष असतो असा माझा दावा नाही, त्याची वकिली मी घेतलेली नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या पोलीसप्रमुख बाईंनी मार्च 2024 मध्ये नगरपरिषदेपुढे सांगितलं की आमच्या मुख्यालयात उंदीर मुद्देमालातला गांजा खातात आणि सगळे तर्र असतात. तिथे उंदीर खरेच होते. झुरळं होती, इमारत मोडकळीला आली होती, आणि बाईंना नवी इमारत हवी होती. म्हणजे उंदीर सबब म्हणून नव्हे, अर्जाला जोडपत्र म्हणून आला होता.

आणि आसामातल्या तिनसुकियाचा उंदीर तर रंगेहाथ सापडला. 2018 च्या मे महिन्यात तिथलं एक एटीएम बंद पडलं. दुरुस्त करणारा माणूस जूनमध्ये आला. यंत्र उघडलं तर आत पाचशे आणि दोन हजारांच्या नोटांचा चुरा. 12 लाख 38 हजार रुपये कुरतडले गेले होते, आणि त्या चुऱ्यात उंदीर मरून पडला होता. वायर जाते त्या भोकातून तो आत शिरला असणार. बाहेर पडायला त्याला जमलं नाही. नोटबंदीला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. बाद ठरलेल्या नोटांचं दुःख देशात ताजं असताना इतक्या मन लावून नव्या नोटा बाद करणारा हा एकटाच. मला या बातमीत उंदराइतकेच ते मधले तीन आठवडे महत्त्वाचे वाटतात. लाखो रुपये पोटात घेऊन एक बंद यंत्र उभं होतं आणि त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. मथळ्यात तीन आठवड्यांना जागा नव्हती. उंदराला होती.

महाराष्ट्राने या वाङ्मयात घातलेली भर मोठी आहे, तिच्यावर जरा थांबावं लागेल. 22 मार्च 2018, विधानसभा. बोलायला उभे राहिले एकनाथ खडसे. पक्ष सत्ताधारी, पण स्वतःचं मंत्रिपद 2016 मध्येच गेलेलं. घरच्या पंगतीत बसून वाढप्याला बोल लावणाऱ्या माणसाच्या वाणीला जी धार असते, ती त्या दिवशी होती. त्यांनी सांगितलं, मंत्रालयात 3,19,400 उंदीर होते, ते मारण्याचं कंत्राट दिलं, मुदत सहा महिन्यांची होती आणि कंपनीने काम सात दिवसांत संपवलं. सभागृह हसलं. हसणारच. सातने भागा: रोज 45,628 उंदीर, वर अर्ध्याहून थोडा जास्त उंदीर उरतो. मिनिटाला एकतीस-बत्तीस. ना मंत्रालयात कोणाला ढिगारा दिसला, ना कोणाला दुर्गंध आला.

हा आकडा किती अचाट आहे हे कळायला मुंबईतलाच एक माणूस डोळ्यांसमोर आणावा लागतो. महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात रात्रपाळीचे मूषक संहारक असतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. बाजारामागची गल्ली, कचराकुंडी, गटाराचं तोंड. झोत डोळ्यांवर पडला की उंदीर क्षणभर थिजतो. तेवढ्यात काठी बसली तर बसली, नाहीतर तो गटारात आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून. मेलेले गोणीत टाकायचे, सकाळी चौकीवर ओतून मोजून द्यायचे. कोटा रात्रीला 30. एकोणतीस चालत नाहीत. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, वास अंगाला चिकटतो, आणि हे सगळं शहर झोपलेलं असताना. मंत्रालयातल्या त्या सात दिवसांचं काम अशा माणसांकडून करून घ्यायचं तर रोज रात्री दीड हजारावर संहारक त्या एका इमारतीत सोडावे लागले असते. फायली तुडवल्या गेल्या असत्या हा वेगळा फायदा.

पुढे सरकारकडून खुलासा आला. तो आकडा उंदरांचा नव्हे, उंदीर मारण्याच्या गोळ्यांचा. दीड रुपयाला एक गोळी, 3,19,400 गोळ्या, 4,79,100 रुपये. हिशेब चोख बसला, आणि सगळी मजा गेली. महाराष्ट्र आठवडाभर ज्या उंदरांवर हसला ते उंदीर नव्हतेच. संहारक रोज सकाळी जी वस्तू चौकीवर ओतून मोजून देतो, म्हणजे मेलेला उंदीर, ती या सगळ्या चर्चेत कुठेच नव्हती. होते ते दोन कागद. एकावर गोळ्या, दुसऱ्यावर विनोद.

त्याच इमारतीत त्याच्या दोन महिने आधी, 22 जानेवारीला, धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी विष घेतलं होतं. जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून ते थकले होते. 28 जानेवारीला ते गेले. मंत्रालयात विष येतं कसं हा विषय खडसेंनी भाषणात काढला होता. मथळे मात्र उंदरांना मिळाले.

अशा बातम्यांवरचा आपला उपहास बहुधा भागाकाराने चालतो हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एक मोठा आकडा घ्यायचा, दुसऱ्या लहान आकड्याने भागायचं, येईल ते उत्तर मथळ्यात टाकायचं. 2023 मध्ये माहिती अधिकारातून कळलं की रेल्वेच्या लखनौ विभागाने तीन वर्षांत उंदीर पकडण्यावर 69 लाख 50 हजार रुपये खर्च केले आणि उंदीर पकडले 168. भागाकार करायला कोणालाही मोह होईल: एका उंदराला 41 हजार. इतका खर्च कित्येक घरांत मुलाच्या मुंजीवर होत नाही. रेल्वेने सांगितलं, ही रक्कम झुरळं-डास-उंदीर सगळ्यांच्या बंदोबस्ताची आहे, वर्षाला हजारो डब्यांची फवारणी होते, डब्यामागे खर्च येतो 94 रुपये. हासुद्धा भागाकारच, फक्त भाजक बदललेला. पण 94 रुपयांवर कोण हसणार? 41 हजारांवर आपण हसलो, मित्रांना पाठवलं, पुढच्या बातमीवर गेलो. आणि डब्यामागे 94 रुपये घेऊनही रात्री बर्थखाली जे खुडबुडतं ते काय, हा खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

हसणं वाईट असं मी म्हणणार नाही. मला ते सोडताही येणार नाही. पण हसू आलं की बातमी संपते, आणि हे ज्यांना सबब द्यायची असते त्यांना आपल्याआधी समजलेलं असतं. "तपास चालू आहे" असं सांगितलं तर पत्रकार चार दिवसांनी पुन्हा येतो. "उंदरांनी प्यायली" असं सांगितलं तर तो दुसऱ्याच दिवशी व्यंगचित्र छापतो, आणि परत येत नाही.

अमेरिकेने तर उंदराचं देऊळच केलं. शिकागोच्या रॉस्को स्ट्रीटवरच्या फुटपाथात ओल्या काँक्रीटवर कधीकाळी एक प्राणी चारी पाय फाकून पडला होता आणि त्याचा ठसा तसाच राहिला होता. जानेवारी 2024 मध्ये त्याचा फोटो गाजला. लोकांनी नाणी वाहिली, मेणबत्त्या लावल्या, चीज ठेवलं. शेजारी वैतागले. एप्रिलमध्ये शहराने तो तुकडाच उचलून नेला. पुढे संशोधकांनी पंजा, बोटं, शेपटी यांची मापं काढून शोधनिबंध लिहिला: तो उंदीर नव्हे, जवळजवळ नक्की खार. म्हणजे पडली खार, नवस बोलले गेले उंदराला. आपल्याकडे निदान उलटा अन्याय होतो. पोथी वाचणारी मंडळी यावर मला टोकतील की गणपतीचं वाहन म्हणून आपणही त्याला पूजतोच की. पूजतो, पण त्याच्यावर स्वार झालेल्याबरोबर. एकट्याला पिंजराच.

आता या संग्रहातली जी कात्रणं मी काकांना वाचून दाखवत नाही, ती.

जून 2021 मध्ये घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात अतिदक्षता विभागात बेशुद्ध असलेल्या एका तरुण रुग्णाच्या डोळ्यापाशी उंदीर चावला. रुग्णालयाने सांगितलं, डोळ्याला इजा नाही, जखम पापणीपाशी आहे. तो तरुण गेला. मृत्यूचं कारण त्याचा आजार, उंदीर नव्हे, असं सांगण्यात आलं. मग ऑगस्ट 2025 च्या अखेरीस इंदूरचं महाराजा यशवंतराव रुग्णालय, आपल्या होळकरांच्या नावाचं. तिथल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात उंदरांनी दोन बाळांना चावे घेतले. कॅमेऱ्यात उंदीर पाळण्याभोवती फिरताना दिसले. दोन्ही बाळं दगावली. प्रशासनाने सांगितलं, मृत्यू उंदरांमुळे नाही. जंतुसंसर्ग होता, जन्मजात व्यंगं होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

वैद्यकीयदृष्ट्या ते खरंही असेल. आजारी माणूसच अतिदक्षता विभागात असतो. पण ही कात्रणं मी मथुरेच्या कात्रणाशेजारी ठेवून बघतो. ठाण्याच्या कोठारात, जिथे उंदीर कोणी पाहिला नव्हता, तिथे तो शेकडो किलो खाऊन गेल्याचं लेखी मिळतं. आणि पाळण्याशेजारी, जिथे तो कॅमेऱ्याने पाहिला, तिथे त्याने विशेष काही केलेलं नसतं. ठाण्यात उंदीर असला की कोणीतरी सुटतो. रुग्णालयात उंदीर नसला की कोणीतरी सुटतो. उंदराला या दोन्ही ठिकाणी फक्त जागा भरायची किंवा रिकामी करायची असते, त्याचं त्याला काही कळत नाही. या बातम्यांवर विनोद झाले नाहीत हे एका परीने बरं झालं. पण त्या लवकर विरल्या, ते मात्र विनोदांइतक्याच सहजपणे.

अर्जेंटिना सोडलं तर संग्रहात एकच कात्रण असं आहे ज्यात सबब चालली नाही. जुलै 2025, झारखंडमधलं धनबाद. नवं दारू धोरण येणार म्हणून दुकानांतल्या साठ्याची मोजणी सुरू झाली. 802 बाटल्या रिकाम्या किंवा जवळजवळ रिकाम्या निघाल्या. दुकानदारांनी सांगितलं, उंदरांनी बुचं कुरतडली आणि प्यायली. उत्पादन शुल्क खात्याच्या अधिकाऱ्याने हे मूर्खपणाचं आहे असं म्हणून सबब झटकली, आणि नुकसान दुकानदारांकडून वसूल करायचं ठरलं. उंदीर नाकारून त्याच्या जागी दुसरी सबब न देणारा सरकारी अधिकारी मला या बातम्यांत पहिल्यांदाच भेटला, म्हणून मी मोठ्या उत्साहाने काकांकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावून कात्रण स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाले, "बूच कुरतडेल. दात शिवशिवतात त्याचे, लाकूड काय, शिसं काय, तो कुरतडेल. बाटली आडवी पाडून चाटेलही थोडी. पण प्यायल्यावर ती पुन्हा रॅकवर उभी करून ठेवायला तो काय नोकरीला आहे?"

मी हसलो. ते नेहमीप्रमाणे हसले नाहीत. कात्रण परत देता देता त्यांनी विचारलं, "दुकानाची दुसरी चावी कोणाकडे होती, ते छापलंय का कुठे?"

छापलं नव्हतं.